आधी झेंड्याकडे बघायचं

११, गुरुवार

ही वही मापांची. डाव्या पानावर गिऱ्हाइकांच्या छात्या, कंबरा आणि बाह्यांची लांबी, उजवं पान कोरं. आजपासून उजव्या पानावर हे लिहिणार आहे. आज जे पाहिलं ते कुणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील, आणि कुठे उतरवलं नाही तर माझंच डोकं फिरेल.

आधी घरचं. यांच्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला, मंगळवारी ऑपरेशन झालं. डावा डोळा लहानपणापासून नावालाच आहे, म्हणजे सगळी भिस्त उजव्यावर. डॉक्टरांनी डोळ्यात कसल्याशा वायूचा बुडबुडा सोडलाय. तो पडद्याला दाबून धरतो म्हणे, पण त्यासाठी चौदा दिवस पालथं झोपायचं. जेवायचं मान खाली, बोलायचं मान खाली. या माणसानं चाळीस वर्षं शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकांसाठी नकाशे काढले, नद्यांची वळणं केसाएवढ्या रेघेनं काढली. आता दिवसभर पलंगाच्या कडेवरून खालची फरशी बघत पडलाय. पट्टी आहे, म्हणजे फरशीही दिसत नाही.

आता हॉलचं. वाचनालयाच्या हॉलमध्ये दर चार वर्षांनी फुटबॉलचा विश्वचषक भिंतीवर दाखवतात. तिथे यांची सात नंबरची खुर्ची आहे, गेली सोळा वर्षं. मंडळाचा नियम असा, की सलग दोन मॅचना खुर्ची रिकामी दिसली तर ती दुसऱ्याला देऊन टाकायची.

"तू जाऊन बस," हे उशीत तोंड घालून म्हणाले.

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"बसायला कळावं कशाला लागतं? बस, बघ, आणि घरी येऊन मला सांग."

यांच्या सोबतीला वन्सं आल्या आहेत, यांची धाकटी बहीण. त्यासुद्धा म्हणाल्या, "जा हो वहिनी, मी आहे." दोघांनी मिळून मला घराबाहेर काढलं म्हणायचं.

हॉलमध्ये सुरुवातीलाच गोंधळ. प्रोजेक्टर रुसला. आवाज आला, चित्र येईना. दोन्ही देशांची राष्ट्रगीतं आम्ही पांढऱ्या भिंतीकडे बघत ऐकली. हॉलवाले काका प्रोजेक्टरला थोपटत होते, आणि शिट्टी वाजली तसं चित्र आलं. पांढऱ्या शर्टांचे आणि पिवळ्या शर्टांचे. तोही एक घोळच, कारण गोलकीपरनं भलताच रंग घातलेला असतो. त्याला संघातून काढलंय की काय असं मला वाटत राहिलं.

घरी येऊन सांगितलं, पांढरे जिंकले, सात-दोन.

"सात?"

"नीट मोजलेत. एकाच माणसानं तीन गोल केले. तिन्ही वेळा तसाच पळत आला, तसाच घसरला. शेवटचे दोन तर मुद्दाम सावकाश केले."

यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. डोळ्याला धक्का लागेल म्हणून घाबरले, तर हसत होते. "भिंतीच्या कोपऱ्यात आकडे लिहिलेले असतात, ते काय होते?" मी आकडे बघितलेच नव्हते. माणसं पळत असताना आकडे कोण बघतं?

१२, शुक्रवार

वन्सं म्हणाल्या, तोच गोल पुन्हा पुन्हा दाखवतात. मग तसं आधी लिहायला नको का भिंतीवर, की हा जुना आहे म्हणून?

यांना मात्र कालचं पुन्हा ऐकायचं होतं. मला आठवतं ते शर्टांचं. पांढऱ्यांच्या अकरा नंबरचा शर्ट त्याच्या मापाचा नव्हता, खांदा उतरलेला होता, म्हणून तो सारखा बाही वर ओढत होता. पिवळ्यांच्या एकानं एक मोजा खाली गुंडाळला होता. असलं काहीबाही सांगितलं. हे मध्येच म्हणाले, "हे सांग. असंच सांग. बॉल कुठे गेला ते नको सांगूस, ते कुणीही सांगतं. बॉल ज्याच्याकडे नाही तो काय करतो ते बघत जा."

सगळं जग बॉल बघायला जातं आणि आमच्याकडे बॉल सोडून बाकीचं हवंय. बरं.

१४, रविवार

आज हिरव्यांची मॅच होती. हे हिरव्यांचे. तो देश यांनी कधी पाहिलेला नाही, पण नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याचा नकाशा काढला होता. किनारा इतका दातेरी, की दोन निबं मोडली. तेव्हापासून तो देश यांना आपला वाटतो. मी मेली एवढी वर्षं संसार करतेय, पण माझ्यासाठी निब मोडल्याचं ऐकलं नाही.

मॅचच्या आधी हॉलवाल्या काकांनी प्रोजेक्टरवर चक्क टॉवेल टाकला. गुरुवारी राष्ट्रगीतं दिसली नाहीत आणि हॉलच्या आवडीचा संघ जिंकला, म्हणून आता असंच करायचं ठरलंय. राष्ट्रगीतं नुसती ऐकायची, शिट्टी वाजली की टॉवेल काढायचा. चाळीस शहाणी माणसं पांढऱ्या भिंतीकडे बघत गंभीरपणे बसतात, आणि कुणाला हसू येत नाही.

मग माझी शोभा झाली. मध्यंतरानंतर बघते तर काय, हिरवे उलट्या बाजूला गोल करायला निघाले! इतका वेळ जी जाळी सांभाळत होते तिच्यावरच चाल. मी उभी राहून ओरडले, "अहो, तिकडे कुठे? ती आपली आहे!" हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. आठ नंबरच्या खुर्चीवर रिटायर झालेल्या नर्सबाई बसतात. त्यांनी मला हाताला धरून बसवलं आणि सांगितलं, मध्यंतरात बाजू बदलतात. पण का बदलतात? एकदा आवरून सावरून बसलेल्या माणसांना उठवून घर बदलायला का लावायचं?

हिरवे हरले. यांना सांगायला जीभ रेटेना, पण मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "असू दे, अजून दोन मॅच आहेत." माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असेल, असं लिहिणार होते. पण यांना चेहरा कुठे दिसतो? चपला काढल्याच्या आवाजावरून ओळखलं असेल.

टॉवेलचं सांगायचं राहूनच गेलं.

१८, गुरुवार

आज हिरव्यांनी गोल केला. मी नर्सबाईंना मिठी मारली. आयुष्यात घराबाहेरच्या माणसाला मी अशी मिठी मारली नव्हती. आणि मग सगळे एकदम "अरेरे" करून खाली बसले. गोल रद्द. मैदानाच्या कडेला एक माणूस झेंडा घेऊन पळत असतो, त्यानं झेंडा वर केला होता. त्याला म्हणे 'ऑफसाइड' म्हणतात.

मध्यंतरात सगळ्यांनी मिळून मला ते समजावलं. एक गृहस्थ आहेत, प्रत्येक निर्णयावर हरकत घेतात म्हणून त्यांना सगळे हरकतवाले म्हणतात. त्यांनी चहाचे कप मांडले. नर्सबाईंनी कप हलवले. हरकतवाल्यांनी त्यावर हरकत घेतली. शेवटी मला समजलं ते एवढं, की समोरच्यांचा जाळीपाशी गोलकीपर सोडून जो शेवटचा माणूस असेल, त्याच्याजवळून एक रेघ जाते. आपल्या माणसाकडे बॉल टाकला जातो त्या क्षणी त्यानं ती रेघ ओलांडलेली असता कामा नये. रेघ दिसत नाही. तो शेवटचा माणूस हलला की रेघही हलते. मी जन्मभर कापडावर खडूनं रेघा मारल्या, पण माझी एक रेघ कधी उठून पळाली नाही.

नर्सबाई म्हणाल्या, "एवढंच लक्षात ठेवा. गोल झाला की आधी झेंड्याकडे बघायचं. झेंडा खाली असेल तर मग ओरडायचं. मी वॉर्डात तीस वर्षं हेच केलं, रिपोर्ट येईपर्यंत कुणाचं अभिनंदन केलं नाही."

हिरवे शेवटी एक-शून्य जिंकले, दुसऱ्या, खऱ्या गोलनं. पण त्या वेळी मी इतका वेळ झेंड्याकडे बघत बसले की ओरडायचंच राहिलं. झेंड्याचा नियम घरी यांनाही सांगितला.

आणखी एक कोडं. शेजारच्या दुकानातही मॅच लावतात, आणि तिथे गोल आधी होतो. भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू येतो, आणि आमच्या इथे बॉल अजून भलत्याच माणसाच्या पायात असतो. हॉलवाले काका म्हणतात, त्यांच्याकडे चित्र लवकर पोचतं. एकच मॅच, एकच वेळ, आणि एका भिंतीपलीकडे भविष्यकाळ. मी यावर विचार करायचं सोडून दिलंय.

२०, शनिवार

आज हॉलमध्ये मॅच नाही, तरी लिहितेय, कारण घरातही काही धड चाललेलं नाही.

हे फार विचित्र वागतात. शिलाईचं स्टूल मी खिडकीशी सरकवलं तर म्हणाले, "होतं तिथे ठेव, आणि यापुढे काही हलवू नकोस." जेवताना ताटात काय कुठे वाढलंय ते विचारतात. बाथरूमला जाताना मान खाली घालून मोजतात, अकरा पावलं, मग उजवीकडे तीन. मी म्हटलं, पाच दिवसांनी पट्टी निघणार, तोवर मी धरून नेते की. तर म्हणाले, "मोजायला काय जातं?" पडून पडून कंटाळा आला असेल.

ट्रान्झिस्टरचे सेल संपले. कधीपासून कपाटात पडून होता, कुणी वापरत नाही, मग सेल कसे संपले? आणि परवा हॉलमधून आले तेव्हा तो यांच्या पलंगाखाली होता. हात लावला तर कोमट. वन्संना विचारलं तर घाईघाईनं म्हणाल्या, "मी भजनं लावली होती, वहिनी." वन्संनी भजनं! जन्मात कधी टाळी वाजवली नाही या बाईनं. त्यांनाही वय झालं म्हणायचं.

२२, सोमवार

आज मला जरा बरं वाटतंय. हिरव्यांच्या चार नंबरकडे बघत होते. सुरुवातीपासून त्याचा उजवा खांदा खाली होता. माप घेताना माणूस असा उभा राहिला तर मी ओळखते की याची कंबर दुखतेय, हा डाव्या पायावर भार टाकतोय. मी नर्सबाईंना म्हटलं, "हा चार नंबर फार वेळ टिकत नाही." दहा मिनिटांत त्याला लंगडत बाहेर नेलं. हरकतवाल्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच हरकत घेतली नाही. मग उरलेला वेळ मागच्या रांगेतून विचारणा, "काकू, नऊ नंबर कसा वाटतो?" मी म्हटलं, त्याच्या बुटाची नाडी सैल आहे, बाकी ठीक.

मॅच बरोबरीत सुटली, आणि तरी हिरवे पुढे गेले. जिंकले नाहीत, तरी पुढे. मी कारण विचारलं नाही. विचारलं की चहाचे कप मांडतात.

घरी सगळं सांगितलं. हे मान खाली घालून ऐकत होते. मध्ये दोनदा म्हणाले, "थांब, पुन्हा सांग, तो खांदा कसा होता?" मी उभं राहून करून दाखवला. मग लक्षात आलं की यांना कुठे दिसतंय, म्हणून यांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि खांदा खाली केला. हात बराच वेळ तिथेच होता. "तुझं बघणं चांगलं आहे," म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्या शिवणाचं कौतुक झालं, स्वयंपाकाचं झालं, पण बघण्याचं कधी कुणी केलं नव्हतं. मला लाजल्यासारखं झालं.

२५, गुरुवार

पट्टी निघाली! परवा चौदा दिवस पुरे झाले, आज तपासणी. हे आणि वन्सं आत गेले. मला म्हणाले, "तू बाहेर बस, सगळ्यांची गर्दी नको." बाहेर मी यांच्या चपला, फाइल आणि माझा जीव मुठीत धरून बसले. चाळीस मिनिटं लागली. नुसता डोळा बघायला चाळीस मिनिटं?

बाहेर आले ते काळा चष्मा लावून, हसत. "वायू विरायला वेळ लागतो. तोवर धूसर दिसणार. हळूहळू होईल."

"पण दिसतंय ना?"

"तू दिसतेस की."

वन्संचे डोळे लाल होते. म्हणाल्या, आत औषधाचा वास फार उग्र होता. मी डॉक्टरांना जाऊन नमस्कार करणार होते, तर वन्संनी ओढतच बाहेर आणलं.

मला फार आनंद झालाय. गोड काहीतरी करावं म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर हे म्हणाले, "एवढ्यात नको." मग मी नर्सबाईंचा नियम आठवून गप्प बसले. पण मनातल्या मनात ओरडून घेतलं.

२८, रविवार

आता जो हरेल तो घरी. यांना म्हटलं, चला हॉलमध्ये. तर म्हणाले उजेड डोळ्याला लागतो, तूच जा आणि सांग.

नव्वद मिनिटांचा खेळ, तो संपला तर म्हणे आणखी तीस मिनिटं. तीही संपली तर एकेकानं येऊन बॉल मारायचा. मग हेच आधी का नाही करत? पाय दुखेपर्यंत पळवायचं आणि मग चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. गोलकीपर एकटा उभा असतो आणि बाकीचे गळ्यात गळे घालून लांबून बघतात. मला त्या गोलकीपरकडे बघवेना. नर्सबाईंचा हात दाबून डोळे मिटून घेतले. हॉल ओरडला तेव्हा उघडले. हिरवे जिंकले.

घरी हे दारातच उभे होते, हसत. मी सगळं सांगितल्यावर म्हणाले, "डोळे का मिटलेस?" मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, "शेवटचं तू काहीच सांगत नाहीयेस, म्हणून." मग जरा वेळानं, "मिटू नकोस गं. कितीही वाईट असलं तरी बघत जा."

एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं त्यात?

१, बुधवार

आज हे माझ्याबरोबर हॉलमध्ये आले. तपासणी सोडली तर तीन आठवड्यांनी घराबाहेर. माझं कोपर धरून, काळा चष्मा लावून. वाटेत बोलत नव्हते, ओठ हलत होते. मी समजले हिरव्यांसाठी प्रार्थना करतायत.

हॉलमध्ये सगळ्यांनी उठून स्वागत केलं. सात नंबरवर हे बसले. नर्सबाईंनी त्यांची आठ नंबर मला दिली आणि मागे जाऊन बसल्या. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला जरा जास्तच वेळ ठेवलेला वाटला.

राष्ट्रगीत सुरू झालं. हिरव्यांचं आता मला पाठ आहे, शब्द नाहीत पण चाल. सगळे गंभीर. यांनी मान वर करून समोर बघितलं, आणि माझ्याकडे झुकून कौतुकानं म्हणाले, "या वेळी शर्ट जरा गडद आहेत ना? छान उभे राहिलेत सगळे. चार नंबरही आलाय."

मी समोर बघितलं.

भिंत पांढरी होती. प्रोजेक्टरवर टॉवेल होता.

मला आधी काही कळलंच नाही. खरंच सांगते, वाटलं की यांना असं काही दिसतंय जे मला दिसत नाही. इतक्या दिवसांत या हॉलमध्ये मला इतक्या गोष्टी कळल्या नव्हत्या, त्यातलीच ही एक. मग अकरा पावलं आठवली. स्टूल, ताट, कोमट ट्रान्झिस्टर, वन्संचे डोळे. सगळं एकदम आलं.

"हो," मी म्हटलं, "गडद आहेत." आजवर यांना मी चुकीचं पुष्कळ सांगितलं असेल. खोटं हे पहिलंच.

शिट्टी वाजली, टॉवेल निघाला, आणि यांनी नेहमीसारखं हळूच म्हटलं, "सांग."

मी सांगत राहिले. दुसरं काय करणार होते? चार नंबरचा खांदा आता सरळ आहे. नऊ नंबर बॉल लांब असताना उगीच डावीकडे चालतो, आणि त्याच्यामागे दोघं जातात. समोरच्यांचा कोच बसत नाही, हाताच्या घड्या घालतो नि सोडतो. आधी कुजबुजत होते, मग मोठ्यानं सांगायला लागले. मागची रांग गप्प झाली. हरकतवाले एकदाही मध्ये बोलले नाहीत.

हिरवे एका गोलनं मागे होते. पाच-सात मिनिटं राहिली असतील. शेजारच्या दुकानातून आरडाओरडा आला, आणि मग आमच्या भिंतीवर नऊ नंबरनं पाय फिरवला. गोल! हॉल उठला. खुर्च्या पडल्या, काका टॉवेल फिरवत होते, मागून कुणी माझे खांदे हलवत होतं. हे बसूनच. चेहरा असा उजळला होता, की असा मी लग्नात बघितला असेल. पण ओरडले नाहीत. शेजारचं दुकान गप्प झालं होतं. आमच्या गोंगाटात ते कुणाला कळलं नाही, यांना कळलं. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "झेंडा?"

सगळे जाळीकडे बघत होते. मी कडेला बघितलं.

वाटलं, सांगू नये. अजून दोन क्षण हसू देत. सगळा हॉल हसतोय, यांनी तेवढं का हसू नये? पण मग यांनी मला विचारलं कशाला?

"वर आहे," मी म्हटलं.

यांनी मान हलवली. हळूहळू हॉललाही कळलं, आणि माणसं एकेक करून खाली बसली.

"आणि डोळ्याचं?" मी विचारलं. "खरं सांगा. झेंडा कुठे आहे?"

खेळ पुन्हा सुरू झाला होता. मी पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत नव्हते.

"वर आहे गं," हे म्हणाले.

हिरवे हरले. मला नंतर विचारून लिहावं लागतंय.

घरी येताना मला इतका राग आला, की मी दोन पावलं पुढे निघून गेले. भांडण झालं की मी नेहमी पुढे चालते. मग आठवलं. मागे वळले तर हे रस्त्याच्या कडेला होते तिथेच उभे होते, हात जरासा पुढे करून. मी परत येऊन कोपर दिलं.

"एकशे सत्तावीस झाली होती," हे म्हणाले. "तू मोजणी चुकवलीस."

मी रस्त्यातच रडले. विचारलं, का लपवलंत? वन्संना माहीत, नर्सबाईंनीही ओळखलेलं, मी तेवढी परकी?

"डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं, आशा फार धरू नका. तुला सांगितलं असतं तर तू हॉलमध्ये गेली असतीस?"

"नसते."

"माझ्याकडे बघत बसली असतीस. घरात एकजण आंधळा होणार होता, दोघं नको." मग म्हणाले, "रेडिओवर बॉल ऐकायचो. पण त्या माणसाला खांदा सांगता येत नाही."

म्हणजे माझ्या सात-दोनच्या दिवशीसुद्धा यांना खरा स्कोअर ठाऊक होता. दोन-एक.

५, रविवार

तीन दिवस लिहिलं नाही. वन्सं परत गेल्या. जाताना माझ्या गळ्यात पडल्या आणि म्हणाल्या, "भजनांचं तुम्हाला खरं वाटलं?" मी म्हटलं, मला या महिन्यात काहीही खरं वाटलंय.

झोप येत नाही. शिवताना मध्येच डोळे मिटून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करते, जमत नाही, मग रडू येतं. यांना विचारलं, शेवटचं नीट काय दिसलं होतं? म्हणाले, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी बटण लावत होते, ते. कुठल्या शर्टाचं, ते मला आठवत नाही. मी कशी विसरले?

आज हॉलमध्ये गेलो. हिरवे नाहीत, निळे आणि लाल होते. यांना कुणाचंही सोयरसुतक नव्हतं, पण खुर्ची जाईल म्हणून जायचं होतं. पाहिलं तर मंडळानं आठ नंबरवर माझ्या नावाची चिठ्ठी लावली होती. नर्सबाई नवावर सरकल्या होत्या. यांनी ट्रान्झिस्टर आणला होता, उघड, नवे सेल घालून. एका कानाला तो, दुसऱ्या कानाला मी.

टॉवेल टाकून राष्ट्रगीतं झाली. तेवढ्या वेळात हॉलमध्ये कुणालाच काही दिसत नाही, म्हणून मीही गप्प बसले.

ही दोन देशांची माणसं एकमेकांचा शर्ट का ओढतात, शिट्टी कधी वाजते आणि कधी वाजत नाही, हे मला अजूनही कळत नाही. विचारलं तर हे म्हणतात, "ते मलाही कधी कळलं नाही. तू फक्त कुणी ओढला ते सांग." मी सांगितलं. निळ्यांच्या तीन नंबरची शिवण काखेत उसवली होती, तेही सांगितलं. मागून कुणी म्हणालं, "काकू, जरा मोठ्यानं."

मग निळ्यांनी गोल केला. हॉल उठला, ओरडला, टाळ्या झाल्या. हे माझ्याकडे तोंड करून थांबले. मी कडेला बघितलं. नीट बघितलं, दोनदा.

"खाली आहे," मी म्हटलं.

तोवर सगळे खाली बसले होते. मग आम्ही दोघं ओरडलो.